मोडलेल्या पंखाचं सोंग

मांजरी गावाच्या पुढे मुळा-मुठेला नदी म्हणायचं ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून. साऱ्या पुण्यानं आंघोळी आणि धुणीभांडी उरकून सोडलेलं पाणी तिथं येतं, तेही फेस मिरवत, आणि उन्हाळ्यात तर वासावरून पत्ता लागतो. पण पक्ष्यांना नाक मुरडायची सवय नसते. उसाच्या मळ्यांखाली जिथं पात्र पसरतं आणि दगडगोट्यांचा लांबलचक काठ उघडा पडतो, तिथं दर हिवाळ्यात कुठून कुठून पाहुणे उतरतात. त्यांच्यामागोमाग गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं उतरतात. सुदर्शन रामटेके त्या माणसांतले सगळ्यांत जुने होते.

त्यांची बायको दीपमाला मात्र पक्षीवेडी नव्हती. लग्न होऊन भंडाऱ्याहून पुण्याला आली, जिल्हा परिषदेत नोकरीला लागली, एक मुलगी वाढवली, आणि नवरा रविवारी उजाडायच्या आत नदीवर पळतो हे एक व्यसन समजून सोडून दिलं. निदान पत्ते नाहीत, बाटली नाही. निवृत्तीनंतर घरात बसून भिंती अंगावर यायला लागल्या तेव्हा ती चहाचा थर्मास घेऊन, कुरकुरत, त्यांच्याबरोबर जायला लागली. सुरुवातीला तिच्या लेखी पक्ष्यांच्या दोनच जाती होत्या, कावळे आणि इतर. मग कधीतरी धोबी शेपटीवरून ओळखू यायला लागला, शेकाट्या लाल काड्यांसारख्या पायांवरून, आणि टिटवीची तर ओळख करून घ्यावीच लागत नाही, कोणी काठावर पाऊल टाकलं की ती आकाशपाताळ एक करते. एकदा दीपमालानंच सुदर्शनना चूक दाखवली. तो रविवार तिनं घरी येऊन मुलीला रंगवून सांगितला होता.

गेल्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला ताप होता. पावसानं उघडीप दिली होती. पाणी किती चढलंय तेवढं बघून येतो म्हणून सुदर्शन एकटेच गेले आणि परत आले नाहीत. स्कूटर उसाच्या कडेच्या गाडीवाटेवर सापडली. मोबाइल तिच्या डिकीत होता, कारण पक्ष्यांजवळ फोन वाजणं आणि विहारात वंदना चालू असताना वाजणं यांत त्यांच्या मते काही फरक नव्हता. दुपारी वरून धरणाचं पाणी सुटलं आणि दगडगोट्यांचा सगळा काठ बुडाला. अग्निशमन दलाच्या बोटी बरेच दिवस फिरल्या. हाती काही लागलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं महिपती जगतापांनी. महिपतींचं हडपसरला चष्म्याचं दुकान. दोघांची मैत्री इतकी जुनी की एकमेकांचे विनोद ते पुरे होऊ द्यायचे नाहीत. त्या सकाळी महिपती पलीकडच्या काठावर होते. भेटायला आले तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "शेवटपर्यंत हसवलं हो वहिनी त्यानं. मी पलीकडून दुर्बीण लावली, तर हा पठ्ठ्या एकटाच चिखल्याचं सोंग करत होता. मी हसलो, हात हलवला. तेवढ्यात सर आली म्हणून निघालो." जमलेले सगळे रडता रडता हसले, कारण ते सोंग सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

चिखल्या म्हणजे चिमणीपेक्षा थोडा मोठा, गळ्यात काळी पट्टी, डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला पक्षी. घरटं बांधायचे कष्ट तो घेत नाही. दगडगोट्यांत जरा खळगा पाहून अंडी घालतो, आणि ती अशी की गोटा कुठला आणि अंडं कुठलं हे त्यालाच ठाऊक. कोणी जवळ आलं की तो पंख मोडल्याचं सोंग आणतो. एक पंख फरपटत, लंगडत, धडपडत दूर पळतो. येणाऱ्याला वाटतं, आयता सापडला, आणि तो त्याच्यामागे जातो. अंड्यांपासून पुरेसा लांब नेला की हा भला पक्षी धडधाकट उडून जातो. नव्या मंडळींना हे समजावताना सुदर्शन स्वतःच एक हात लोंबकळत सोडायचे, पाय ओढत चालायचे, आणि मधूनच मान वळवून बघायचे, येताय ना मागे? मग आवाज बदलून नियम सांगायचे. पक्षी लंगडायला लागला की पुढे पाऊल टाकायचं नाही. तो नेतो तिकडे बघायचं नाही. आपल्या पायाखाली बघायचं, कारण तो ज्यापासून लांब नेतोय ते तिथंच असतं.

दीपमालाला त्यानंतर आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, नवरा सापडायला हवा होता. जिवंत नव्हे, तेवढी भाबडी ती नव्हती. पण हाडं तरी, बूट तरी. अपेक्षा, तिची मुलगी, आयटीतली नोकरी सांभाळून दर शनिवारी यायची आणि बाबांचं पुण्यानुमोदन उरकून घेऊ या म्हणायची. दीपमाला म्हणायची, माणूसच सापडला नाही तर भंतेजींनी परित्राण कुणासाठी म्हणायचं, नदीसाठी? दर रविवारी दीपमाला एकटी नदीवर जायची, आणि लोकांना वाटायचं, नवऱ्याची आवड पुढे चालवतेय बिचारी.

डिसेंबरातल्या एका सकाळी पाण्यावर दाट धुकं होतं. ती काळ्या कातळावर बसली होती. हा कातळ काठाच्या वरच्या टोकाला आहे, आणि दोघं चहा प्यायचे ते इथंच. कपात चहा ओतून तिनं मान वर केली तर थोड्या अंतरावर एक माणूस पाठमोरा चालला होता. डोक्यावर विटकी खाकी टोपी. डावा पाय ओढत होता, एक हात लोंबत होता. त्यानं मान वळवून मागे पाहिलं. टोपीखाली तोंड नीट दिसलं नाही, पण वळवण्याची तऱ्हा तिच्या ओळखीची होती.

तिचं काळीज हललं ते त्यामुळे नव्हे. त्या माणसाच्या वाटेत टिटव्यांचा मोठा थवा बसला होता आणि तो त्यांच्या मधून चालत गेला. एकही टिटवी उठली नाही, ओरडली नाही. एकीनं साधी मानही वळवली नाही. दीपमाला उठून दोन पावलं चालली मात्र, सगळा थवा किंचाळत वर गेला.

ती त्याच्या मागे गेली. खालच्या टोकाला जुन्या बंधाऱ्याची पडकी भिंत आहे, तिथं दगडगोटे संपतात आणि साठलेल्या पाण्यावर जलपर्णीचा हिरवागार गालिचा असतो. त्या पाण्याच्या कडेला तो थांबला, त्यानं पुन्हा मागे पाहिलं, आणि मग तिथं फक्त धुकं होतं.

आता ही गोष्ट सांगायची कुणाला? रामटेक्यांचं घर म्हणजे बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावून न थांबता त्या पाळणारं घर. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्या शेजारणींना सुदर्शननी अशा काही कानपिचक्या दिल्या होत्या की त्या जिन्यात भेटल्या तरी घाईत असायच्या. त्याच घरातल्या बाईनं आता नवरा दिसतो म्हणून सांगायचं? तिनं तोंडाला कुलूप लावलं. पण ती जात राहिली आणि तो दिसत राहिला. दर वेळी कातळाजवळून निघायचा, लंगडत खाली जायचा, जलपर्णीच्या कडेला मान वळवायचा आणि नसायचा. ती हाक मारायची, "अहो." उत्तर यायचं नाही. दगडांवरून पाय ओढल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. त्या आवाजाची वाट बघत ती रात्र रात्र जागायची, आणि तिला स्वतःचीच भीती वाटायची.

हिवाळी पाहुणे गेले, ऊन तापायला लागलं. मार्चमध्ये एक दिवस ती कातळाच्या खालच्या अंगानं चालत असताना पायापाशीच एक चिखल्या तडफडला. पंख पसरून, शेपटी फुलवून, केविलवाणा ओरडत फरपटत निघाला. दीपमाला सवयीनं जागच्या जागी थांबली. खाली पाहिलं, तर बुटापासून हातभरावर ठिपक्याठिपक्यांची अंडी. ती आपल्याच पावलांवरून मागे सरली. चिखल्या अजून लंगडतच होता आणि मान वळवून बघत होता.

ती तशीच उभी राहिली. तिला सगळं एकदम कळलं, किंवा कळल्यासारखं वाटलं. बाईसाहेब, नवरा सोंग करतोय. ज्यानं हा नियम अख्ख्या पुण्याला शिकवला तो तुम्हाला जलपर्णीकडे नेतोय, म्हणजे तिथं काहीच नाही. जे आहे ते कातळापाशी आहे. त्याला ते दाखवायचं नाही. आपली हाडं बायकोनं बघू नयेत असं वाटत असेल त्याला, जिवंतपणी साधी दाढीची जखमही लपवणारा माणूस तो. तिला रडू आलं, आणि रागही आला. महिनोन्‌महिने ती मुकाट त्याच्यामागे गेली होती, पहिल्या दिवशीच्या नवख्यांसारखी.

पुढच्या रविवारी तिनं पिशवीतून खुरपं नेलं. कातळाच्या सावलीत बसून ती गोटे बाजूला करायला लागली. तो आला. नेहमीसारखा लंगडत थोडा पुढे गेला, मान वळवली, थांबला. ती उठली नाही. तो परत आला, आणि आधीपेक्षा जवळ आला. चिखल्याही असंच करतो, घरट्याजवळून माणूस हलेना की सोंग वाढवतो. त्यामुळे तिची खात्री आणखी पक्की झाली.

एप्रिलभर हेच चाललं. भर उन्हात, लख्ख उजेडात तो यायचा आणि दर खेपेला जास्त लंगडायचा. एकदा तिच्यापासून जेमतेम पाच-सहा हातांवर तो गुडघ्यांवर कोसळला आणि हातांनी गोटे ओढत सरपटायला लागला. गोटे हलत नव्हते. शेजारीच एक धोबी शेपटी नाचवत किडे टिपत होता, त्याच्या बोटांमधून टिपत होता. खुरपं हातातून सुटलं. मग तिनं दात आवळले आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.

"कळलं मला," ती म्हणाली. "आता पुरे करा हे नाटक."

पाठीला त्याचं बघणं जाणवत होतं, पण ती वळली नाही. त्यानंतर कितीही वेळ तिथं बसलं तरी ती वळायची नाही.

मे संपत आला तेव्हा कातळाभोवती खड्डेच खड्डे झाले होते. सापडल्या त्या प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल, कुणाच्या तरी देवाची तसबीर. आणि एका सकाळी खुरप्याला पिवळं चिकट काही लागलं. तिनं मघाशी भिरकावलेल्या गोट्यांखाली चिखल्याचं दुसरं घरटं चिरडलं होतं. एवढी वर्षं ज्या माणसानं कॅमेरेवाल्यांना घरट्यापासून हाकललं, त्याच्या बायकोनं हे केलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिखल्या जवळच उभा होता. तो ओरडला नाही, लंगडला नाही. राखायचं काही उरलं नव्हतं, मग सोंग कशाला? थोड्या वेळानं तो चरायला निघून गेला.

त्याच्या पलीकडे खाकी टोपीवाला अजूनही लंगडत होता.

जूनच्या पहिल्या रविवारी महिपती आले. नदीकाठी एक बाई खड्डे खणत बसते, ही बातमी पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फिरून अपेक्षापर्यंत पोचली होती, आणि तिनं काकांना गळ घातली होती. आकाश भरून आलं होतं. त्या दिवशी तो कुठं दिसत नव्हता. महिपती खड्डे ओलांडून कातळावर बसले आणि स्वतःच थर्मासमधून चहा ओतून घेतला. कदाचित त्यामुळेच दीपमालाला सगळं सांगता आलं. टोपी, न उठणाऱ्या टिटव्या, लंगडणं, सोंग, खुरपं. ते हसले असते तर तिनं त्यांना नदीत ढकललं असतं. पण ते हसले नाहीत.

"असाच होता तो त्या दिवशीही," ते म्हणाले. "हात लोंबवून, पाय ओढत. माझ्याकडे बघून नुसता हात हलवत होता. काय सुरेख करायचा."

दीपमालानं खुरपं खाली ठेवलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये चिखल्याची अंडी असतात?"

"छे. तेव्हा काठ कधीही बुडतो. मार्च ते..." आणि महिपती थांबले.

"नवी माणसं होती बरोबर? कुणाला दाखवत होते?"

महिपतींच्या हातातला कप कलला आणि चहा त्यांच्या पँटीवर सांडला. त्यांना ते कळलं नाही. अर्धं आयुष्य लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत नीट दिसतंय का विचारण्यात गेलेला तो माणूस तोंड उघडं टाकून पलीकडच्या काठाकडे बघत राहिला. त्या काठावरून त्यांनी हसून हात हलवला होता.

दीपमालाला त्यांची कीव करायला सवड नव्हती. पक्षी लंगडतो तेव्हा तो खोटं लंगडतो. माणूस लंगडतो तेव्हा त्याचा पाय दुखत असतो. ही गोष्ट रस्त्यावरच्या कुठल्याही पोराला कळली असती. त्या दोघांनाच ती कळली नव्हती, कारण ते पक्षी फार चांगले ओळखत होते. हिवाळाभर तो तिला बोलावत होता. उन्हाळाभर तो तिच्यासमोर सरपटत आला, आणि तिनं पाठ फिरवली.

तिनं वर पाहिलं. तो बंधाऱ्याच्या अर्ध्या वाटेवर उभा होता आणि मान वळवून बघत होता. ती धावली. या वयात दगडगोट्यांवरून धावणं म्हणजे हातपाय मोडून घेणं, पण ती धावली. मागून महिपती हाका मारत येत होते. मला कोणी दिसत नाहीये हो वहिनी, असं ते म्हणाले, तेव्हा तिनं न थांबता उत्तर दिलं, "तुम्हाला तेव्हा दिसले होते. तेवढं पुरे."

बंधाऱ्यापाशी आता पाणी नव्हतं. उन्हाळ्यानं ते कधीच आटवलं होतं, आणि जलपर्णीचा गालिचा वाळून तपकिरी झाला होता. तो या वेळी कडेला थांबला नाही. वाळल्या जलपर्णीवरून चालत पडक्या भिंतीच्या मागे गेला. एप्रिलपासून ही वाट मोकळी होती, आणि तिकडे बघायचं नाही म्हणून तिनं बघितलं नव्हतं. भिंतीच्या मागे ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळलेली मुळं ओरबाडायला लागली. पहिल्यांदा दुर्बिणीचा पट्टा आला. मग सदऱ्याच्या चिंध्या आणि बाकीचं. डावा बूट दोन घडीव दगडांच्या फटीत घट्ट बसलेला होता.

महिपती तिच्यामागे येऊन उभे राहिले. दीपमाला रडत नव्हती. ती बुटावरची माती पदरानं पुसत होती. "आले हं," ती म्हणत होती. "उशीर झाला. आले मी." मान वर केली तेव्हा भिंतीपलीकडे कोणी नव्हतं.

पोलीस, पंचनामा, ससून, सगळं रीतसर झालं. घोट्याचं हाड मोडलेलं होतं, आणि खांदाही निखळला असावा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. त्याच आठवड्यात वर धो धो पाऊस झाला, पाणी सुटलं, आणि बंधाऱ्याची भिंत दिसेनाशी झाली. पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. भंतेजी परित्राण म्हणत होते, अपेक्षा आईचा हात धरून बसली होती, आणि महिपती शेवटच्या रांगेत, दाराजवळ. कोणी त्यांना सुदर्शनच्या सोंगाची आठवण सांगा म्हणालं, तेव्हा ते उठून बाहेर गेले.

त्यानंतर दीपमालाला तो कधी दिसला नाही. नदीवर मात्र ती जाते. महिपतीही येतात. यंदा मार्चमध्ये नवी मंडळी घेऊन दोघं गेले होते, आयटीतली पोरंपोरी, महागडे कॅमेरे. कातळाच्या खाली एक चिखल्या पायापाशी तडफडला आणि पंख फरपटत निघाला. पोरांनी कॅमेरे उचलले. महिपतींनी हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं आणि नियम सांगितला. पायाखाली बघायचं. तो नेतो तिकडे जायचं नाही.

दीपमाला त्याच्यामागे निघाली.

"वहिनी," महिपती हलकेच म्हणाले, "सोंग आहे ते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

एकेक गोटा बघून पाय टाकत ती चिखल्याच्या मागे चालत राहिली. तो लंगडत होता, मान वळवून बघत होता, थांबून पुन्हा लंगडत होता, आणि पार बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत ती त्याच्या मागे गेली. तिथं तो उडाला, धडधाकट, दोन्ही पंखांनी. तेवढं डोळ्यांनी बघितलं आणि मगच ती परत फिरली.